कलेक्टिबल खेळण्यांची भिंत दुकानात ठेवू की काढू? (ठाणे)

खेळणीवाली_नौपाडा
नमस्कार. नौपाड्यात आमचं खेळण्यांचं दुकान आहे, बाबांनी टाकलेलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. लॉकडाऊन उठल्यावर भावाने हट्टाने एक अख्खी भिंत कलेक्टिबलसाठी मोकळी करून घेतली, म्हणजे डायकास्ट (धातूच्या छोट्या) गाड्या, ते मोठ्या डोक्यांचे व्हिनाइलचे पुतळे, ॲनिमेच्या फिगर्स आणि अलीकडे ब्लाइंड बॉक्स, म्हणजे आत कुठली बाहुली आहे ते फोडेपर्यंत न कळणारे डबे. सुरुवातीला जोरात चाललं. कॉलेजची पोरं शटर उघडायच्या आधी येऊन उभी राहायची.

आता सगळं अडकलंय. गाड्यांची एक केस, म्हणजे अख्खा बंद खोका, मागितली की डिस्ट्रिब्युटर सोबत न खपणारे ट्रॅक आणि प्लेसेट गळ्यात मारतो, नको म्हटलं तर पुढच्या वेळी फोनच उचलत नाही. फिगर्सना निम्मे पैसे आगाऊ भरायचे आणि माल येईपर्यंत त्या सिरीजची हवा गेलेली असते, ज्यांनी 'ताई माझ्यासाठी एक ठेवा हं' सांगितलेलं ते फिरकतही नाहीत. गाड्यांची केस फोडायच्या आत ठरलेले चार चेहरे हजर, चांगल्या तेवढ्या उचलतात आणि बाकीचं आमच्याकडे पडून राहतं. वर त्याच गाड्या मोबाईलवरून दहा मिनिटांत घरपोच. भिंतीवर आज जेवढे पैसे लटकलेत तेवढ्यात दिवाळीचा सगळा माल भरून झाला असता.

बाबा म्हणतात भिंत मोकळी कर, कॅरम आणि सायकली लाव. भाऊ ऐकत नाही. मला ती भिंत मनापासून आवडते, तिच्यामुळे मोठी माणसं दुकानात येऊन बोलत थांबतात, एरवी खेळण्यांच्या दुकानात मोठी माणसं घड्याळ बघत उभी असतात. पण आवडीवर भाडं भरता येत नाही. घेणारे असा की विकणारे, स्पष्ट सांगा, ठेवू की काढू?

जुना_ठाणेकर
बाबांचं ऐका. कॅरमची हवा कधी जात नाही.

घोडबंदरचा_गाडीवाला
काढू नका ओ ताई! मी कॉलेजपासून हॉट व्हील्स गोळा करतोय. ठाण्यात मॉल सोडले तर उभं राहून निवांत पेग, म्हणजे गाड्या टांगलेल्या खुंट्या, बघता येतील अशी दुकानं राहिलीयेत किती?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गाड्यांची केस ७२ ची येते आणि आत कुठल्या गाड्या असतील ते दुकानदाराच्या हातात नसतं. त्यात स्कायलाइन, पोर्शे, सुप्रा अशा खऱ्या गाड्यांची मॉडेलं असतात आणि काल्पनिक डिझाइनच्याही असतात. कंपनीने १९९५ मध्ये ट्रेझर हंट आणलं, म्हणजे साध्या गाड्यांत मिसळलेली दुर्मीळ गाडी, २००७ पासून त्याचा सुपर प्रकार, त्याला चकचकीत स्पेक्ट्राफ्लेम रंग आणि रबरी टायर. किंमत साध्या गाडीचीच, सापडली तर नशीब. ते शोधण्यातच सगळी मजा होती. शाळेतला पोरगा आणि माझ्यासारखा नोकरीवाला एकाच पेगसमोर उभे राहून एकमेकांना गाड्या दाखवायचो.

स्कॅल्पर, म्हणजे चांगला माल आधीच उचलून चढ्या भावाने विकणाऱ्या लोकांनी ती मजा मारली. ते केसमधल्या मोजक्या गाड्या घेतात, दुकानदाराला वाटतं वा विक्री झाली, पण उरलेल्या साठ-पासष्ट गाड्यांसाठी जो पोरगा आला असता तो रिकामा पेग बघून पुढच्या वेळी येतच नाही. तुमचा तोटा तिथे आहे. ट्रॅक-प्लेसेटचा त्याच्यानंतर.

वाशी_रीसेल
आला का विषय आमच्यावर. मी वाशीतून रीसेल करतो, लपवायचं काही कारण नाही. मी एमआरपी रोख मोजतो, उधारी नाही, रिटर्न नाही. नाशिकच्या, नगरच्या, कोल्हापूरच्या माणसाला जी गाडी त्याच्या गावात दिसणारच नाही ती मी नीट पॅक करून पाठवतो, गाडीमागच्या पुठ्ठ्याच्या कार्डाचा कोपरा दुमडला तर पैसे परत देतो. पहाटे उठून मॉलच्या दारात उभं राहणं, पार्सल हरवलं की भरून देणं, हे कष्टच आहेत ना? दर मी ठरवत नाही, घेणारा ठरवतो.

घोडबंदरचा_गाडीवाला
@वाशी_रीसेल कोल्हापूरच्या माणसाला शंभर रुपये जास्त लावून पाठवता ते मला मान्य आहे, खरंच. पण एकाच माणसाने दहाच्या दहा उचलायच्या, बाहेर फोटो टाकायचा आणि त्याच संध्याकाळी त्याच शहरातल्या माणसाला चौपट दराने विकायच्या, यात कष्ट कुठले?

दोन_मुलांची_आई
मी सानपाड्याची. माझा मोठा नऊ वर्षांचा, त्याला गाड्यांचं प्रचंड वेड, आणि तो त्या कार्डातून काढून जमिनीवर पळवतो म्हणजे ज्यासाठी बनवल्या त्याचसाठी वापरतो. त्याला हवी असलेली गाडी आम्हाला कुठल्याच दुकानात मिळाली नाही आणि वाशीच्या एका प्रदर्शनात काचेच्या पेटीत कितीतरी पट किमतीला दिसली. त्याने विचारलं 'आई ही खेळण्याची नाहीये का?' मला उत्तर देता आलं नाही. आणि ते ब्लाइंड बॉक्स तर कृपा करून लहान मुलांच्या हाताला येतील असे ठेवू नका. आत काय आहे ते न सांगता आठ वर्षांच्या मुलाला वस्तू विकणं मला पटतच नाही.

खारघर_टेकडी
@दोन_मुलांची_आई तुमचं बरोबर आहे आणि जिथे हा धंदा सगळ्यात मोठा आहे तिथेही हेच ठरलंय. चीनने २०२३ मध्ये ब्लाइंड बॉक्सबद्दल मार्गदर्शक नियम काढले, आठ वर्षांखालच्या मुलांना विकायचे नाहीत.

उगाच_विचारतो
हे ब्लाइंड बॉक्समधलं लबूबू नेमकं काय प्रकरण आहे? बायकोची भाची पर्सला दात विचकणारं काहीतरी लटकवून फिरते.

खारघर_टेकडी
कासिंग लुंग नावाच्या हाँगकाँगच्या चित्रकाराचं ते पात्र, २०१५ चं. पुढे पॉप मार्ट या चिनी कंपनीने बाहुल्या काढल्या आणि मग सेलिब्रिटींच्या बॅगांवर दिसायला लागल्यावर जगभर वेड लागलं. जून २०२५ मध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाएवढ्या उंचीची एक बाहुली दहा लाख युआनच्या वर गेली. ब्रिटनमध्ये दुकानांबाहेर मारामारी व्हायला लागली म्हणून कंपनीला तिथल्या दुकानातली विक्री काही काळ थांबवावी लागली. मग कंपनीने माल वाढवला आणि रीसेलचे भाव खाली आले. ज्यांनी वरच्या भावात घेऊन ठेवले ते बसले धरून. भाचीकडचं बहुधा नकली असेल, त्याला लोक लफूफू म्हणतात, आपल्याकडे रस्त्यावर तेच मिळतं. दात मोजा, खऱ्याला नऊ असतात.

उगाच_विचारतो
मोजले. अकरा. भाचीला सांगणार नाही, फार खूश आहे ती.

क्लिअरिंगवाला
न्हावाशेव्याला क्लिअरिंगच्या कामात आहे म्हणून माल उशिरा का येतो यावर थोडं.

खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० च्या बजेटात २० टक्क्यांची ६० झाली, २०२३ ला ७०. त्याशिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचा आयएसआय मार्क सक्तीचा. यात गोम अशी की लायसन आयात करणाऱ्याला मिळत नाही, ज्या कारखान्यात खेळणं बनतं त्या कारखान्याला मिळतं. आता कलेक्टिबल फिगर बनते चीन नाहीतर व्हिएतनामच्या एखाद्या कारखान्यात, भारतात खपणार थोडीशी, तेवढ्यासाठी तो कारखाना कशाला लायसनच्या मागे लागेल? मग डब्यावर 'प्रौढ संग्राहकांसाठी' छापून येतं. नुसतं छापून भागत नाही पण. समोर कार्टूनची बाहुली दिसते आहे तर ऑफिसर विचारणारच की लहान मूल याच्याशी खेळणार नाही कशावरून. शंका आली की सॅम्पल लॅबला, कंटेनर थांबला की शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर अडकवल्याचा दंड) आणि यार्डाचं भाडं चालू, आणि ते सगळं शेवटी त्या माणसाच्या बोकांडी ज्याने आगाऊ पैसे भरलेत.

नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिलने बाजारातली आयात खेळणी तपासली तर सुमारे ६७ टक्के नापास झाली होती. पोरं ती तोंडात घालतात. पण मोठ्यांच्या शोकेसमधल्या वस्तूसाठी वेगळा स्वच्छ रस्ता असता तर ताईंसारख्यांचे पैसे असे अडकले नसते, आणि चोरवाटेने येणाऱ्या नकली मालालाही एवढं रान मिळालं नसतं.

जुना_ठाणेकर
आमच्या वेळी या असल्या गोष्टी इथेच बनायच्या. फनस्कूल १९८७ ला निघाली, गोव्यात कारखाना, जी आय जोचे सैनिक तिथे बनायचे आणि पोरं वाढदिवसाची वाट बघायची. आमच्याकडे त्यातल्या एकाचा हात तुटलेला अजून शोकेसमध्ये आहे.

खारघर_टेकडी
काका तो नीट सांभाळा, मस्करी नाही करत. त्या भारतीय सैनिकांचे रंग अमेरिकेतल्यांपेक्षा वेगळे असायचे म्हणून परदेशातले लोक आज मुद्दाम ते शोधतात. आपण ज्यांची डोकी बदलून खेळलो ते लोक आता मखमलीवर ठेवतात.

जुना_ठाणेकर
विकायचा नाही. नातवाला देणार आहे.

हिशेबनीस
धंद्याच्या बाजूने लिहितो कारण मूळ प्रश्न तो आहे.

ताई, जे तुमच्या भिंतीवर झालंय तेच फार मोठ्या प्रमाणावर फन्कोचं झालं, तीच ती मोठ्या डोक्यांची बाहुली बनवणारी कंपनी. कोविडमध्ये लोक घरात होते, खरेदी वाढली, कंपनीने तोच वेग कायम राहील असं धरून माल बनवला. २०२२ च्या अखेरीस त्यांच्याकडे सुमारे २४.६ कोटी डॉलरचा माल पडून होता, आदल्या वर्षापेक्षा ४८ टक्के जास्त. ॲरिझोनाचं गोदाम इतकं भरलं की भाड्याचे कंटेनर घ्यावे लागले. आणि मार्च २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ३ ते ३.६ कोटी डॉलरचा माल आम्ही नष्ट करणार, कारण तो ठेवायचा खर्च विकून मिळणाऱ्या पैशांपेक्षा जास्त आहे. चांगल्या, न फोडलेल्या बाहुल्या. पुढे २०२५ मध्ये, अमेरिकेच्या टॅरिफचा फटका आणि डोक्यावर कर्ज अशा अवस्थेत, त्याच कंपनीने आपण चालू राहू शकू की नाही याबद्दल शंका असल्याचं गुंतवणूकदारांना कळवलं.

कारण एकच. मागणीचे आकडे दिसत होते पण त्यातले किती जण वस्तू आवडली म्हणून घेतायत आणि किती जण पुढे महाग विकता येईल म्हणून, हे कोणी वेगळं काढलं नाही. दुसऱ्या प्रकारचा माणूस भाव पडल्या दिवशी नाहीसा होतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेत बीनी बेबीज नावाच्या कापडी प्राण्यांचं हेच झालं, लोकांनी मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून ते साठवले, एका जोडप्याला तर घटस्फोटात कोर्टात जमिनीवर बसून ते वाटून घ्यावे लागले होते. नंतर बाजार बसला.

तुमच्यासाठी व्यवहाराचं सांगतो. भिंतीवरच्या मालाची खरेदीच्या तारखेनुसार यादी करा. वर्षापेक्षा जुना असेल तो खरेदी भावाच्या खाली गेला तरी काढा, त्या पैशांतून दिवाळीचा माल दोनदा फिरेल. सप्टेंबर २०२५ पासून साध्या खेळण्यांचा जीएसटी १२ वरून ५ वर आलाय, त्याआधीच्या मालावर जुना दर चिकटलेला असेल तर तो आधी नीट करा.

वाशी_रीसेल
@हिशेबनीस हे मान्य. मलाही लागलंय हे, व्हिनाइलचे दोन कार्टन पडून आहेत. गाड्यांचं तसं होणार नाही पण, गाडी स्वस्त असते आणि कोणीतरी खेळतंच.

घोडबंदरचा_गाडीवाला
कोणीतरी खेळतं म्हणूनच टिकते, हेच मी मघापासून सांगतोय. मॅचबॉक्सवाली लेस्नी कंपनी बघा, लंडनची, खेळण्यातल्या गाड्यांत एकेकाळी जगात फार मोठं नाव. १९६८ मध्ये हॉट व्हील्स आली, तिची चाकं सुळकन पळायची, मॅचबॉक्सची तशी पळत नव्हती. त्यांनी घाईने चाकं बदलली पण जुना तोरा परत आला नाही, १९८२ मध्ये दिवाळं. मुलाने जमिनीवर सोडल्यावर गाडी कुठवर जाते यावर कंपन्या बुडाल्यात.

नेरूळ_सेक्टर_वीस
प्रीऑर्डरबद्दल एक गंमत आठवली. १९७७ ला स्टार वॉर्स आला तेव्हा केनर कंपनीच्या बाहुल्या नाताळपर्यंत तयारच नव्हत्या. मग त्यांनी चक्क रिकामा डबा विकला, आत एक कूपन, ते पाठवलं की पुढच्या वर्षी बाहुल्या घरी. लोकांनी घेतला आणि केनरने शब्द पाळला. तेव्हा पैसे ज्याला बाहुली हवी होती त्याने भरले होते, दुकानदाराने खिशातून नाही. ताई तुमच्याकडे पैसे तुम्ही भरताय आणि 'ठेवा हं' म्हणणारा मोकळा.

खेळणीवाली_नौपाडा
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. @नेरूळ_सेक्टर_वीस हे अगदी नेमकं आहे. भावाला वाचून दाखवलं तर म्हणतो गिऱ्हाइकाकडे आगाऊ मागितले तर तो ऑनलाइन जाईल. एक अजून विचारायचं होतं, एक ओळखीचे संग्राहक त्यांच्या जुन्या गाड्या आमच्याकडे विकायला ठेवू का विचारतायत, विकली गेली तर आम्हाला कमिशन. पैसे अडकणार नाहीत म्हणून चांगलं वाटतंय.

हिशेबनीस
ऑनलाइन जाऊ दे की, जो पाचशे रुपये आगाऊ देत नाही तो माल आल्यावर पाच हजार कुठून देणार.

कमिशनवर ठेवा पण लिहून ठेवा. अमेरिकेत डायमंड नावाची कॉमिक्स आणि फिगर्सची मोठी वितरक कंपनी जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या गोदामात प्रकाशकांचा असाच विकला तर पैसे या बोलीवर ठेवलेला माल होता, मालकी त्यांची. कर्ज वसुलीसाठी तोही विकायची तयारी सुरू झाली आणि प्रकाशकांना आपलाच माल सोडवायला कोर्टात उभं राहावं लागलं. तुमच्याकडे असं काही होणार नाही, पण प्रत्येक वस्तूचा फोटो, ठरलेली किंमत, किती दिवस ठेवायची, खराब झाली तर कोण भरणार, एका कागदावर दोघांच्या सह्या. ओळखीतच जास्त वितुष्ट येतं.

घोडबंदरचा_गाडीवाला
आणि पावसाळ्याचं लिहून घ्या. ठाण्यातली दमट हवा, जुलैमध्ये कार्ड फुगतं, पीव्हीसीच्या फिगर बंद डब्यात चिकट होतात. जुन्या डायकास्टमध्ये जस्ताच्या मिश्रधातूत भेसळ असेल तर ती आतूनच तडकते, त्याला उपाय नाही. कोणाची जुनी गाडी घेताना खालचा बेस भिंग लावून बघा, बारीक रेषा असल्या तर घेऊ नका.

दोन_मुलांची_आई
दिवाळीचं निघालंच आहे तर एक सुचवू? आमच्याकडे किल्ल्यासाठी दरवर्षी मावळे शोधत फिरतो, मातीचे चांगले मिळतच नाहीत, प्लास्टरचे नाकडोळे पुसलेले मिळतात. ती पण जमवण्याचीच गोष्ट आहे, माझ्या सासऱ्यांकडे त्यांच्या लहानपणापासूनचे आहेत, दरवर्षी एक-दोन नवीन येतात, जुने वापरात असतातच. पेणहून वगैरे चांगले रंगवलेले मिळाले तर त्या भिंतीवर ठेवा की. ना ड्युटी, ना कंटेनर.

नेरूळ_सेक्टर_वीस
+१. तोफ, पहारेकरी, गवळण, भाजीवाली असा सगळा सेट. मी पहिला गिऱ्हाईक.

वाशी_रीसेल
याचं मार्केट आहे, खरंच सांगतो. पुण्याहून, आणि परदेशातूनही मराठी लोक विचारतात. कोणी नीट पॅकिंग करून देत नाही म्हणून अडतं. ताई केलंत तर पॅकिंगमध्ये मी मदत करेन, त्याचे पैसे नकोत.

खेळणीवाली_नौपाडा
काल रात्री बाबा, भाऊ आणि मी बसून यादी केली, @हिशेबनीस यांनी सांगितली तशी तारखेनुसार. बघून भाऊच गप्प झाला. ठरलं ते असं. भिंत ठेवतोय, पण निम्मी. व्हिनाइलचे पुतळे आणि जुन्या फिगर्स या महिनाअखेर मिळेल त्या भावात काढतोय. फिगरची ऑर्डर यापुढे ज्याची त्याने आगाऊ पैसे देऊनच. ब्लाइंड बॉक्स काउंटरच्या मागे वरच्या फळीवर, मोठ्या माणसाने मागितला तरच. गाड्यांची केस आधी फोडायची नाही, शनिवारी संध्याकाळी पाचला सगळ्यांसमोर फोडायची, माणशी दोन, आणि शाळेतल्या मुलांना आधी. डिस्ट्रिब्युटरला बाबांनीच फोन केला, म्हणाले प्लेसेट घेणार नाही, केस द्यायची तर दे. बघू काय करतो ते. मावळ्यांसाठी भाऊ पेणला जाणार आहे, ते काम त्याने स्वतःहून मागून घेतलं.

वाशी_रीसेल
मी आलो तर चालेल का शनिवारी?

खेळणीवाली_नौपाडा
या ना. दोन गाड्या मिळतील, मुलांच्या नंतर.

क्लिअरिंगवाला
ताई एकच राहिलं. डिस्ट्रिब्युटरने माल पाठवला की बिलावर आयटमचं नाव आणि डब्यावर आयएसआय मार्क दोन्ही जुळवून घ्या, मार्कच्या सोबत लायसन नंबर असतो तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की कारखान्याचं नाव येतं. नाव जुळलं नाही तर त्याच दिवशी माल परत. दुकानावर तपासणी आली तर आयात करणारा समोर नसतो, तुम्ही असता.

खेळणीवाली_नौपाडा
ॲप आत्ताच घेतलं. उद्या भिंतीवरचा एकेक डबा तपासून इथे लिहिते.